चौदा हौद आणि एक भादरलेला बोर्ड

आमच्या तलिंगा गावातल्या बेकरीत आर्नो केर्निक शिरला की काउंटरवरची बाई उसासा टाकते. तो म्हणतो, "एक सॉसेज रोल, सॉस बाजूला," आणि तसाच उभा राहतो. मग तिला म्हणावं लागतं, "एक सॉसेज रोल, सॉस बाजूला." तो मान हलवतो, "बरोबर," आणि खिशात हात घालतो. ती परत बोलली नाही, तर तो परत सांगतो. तिसऱ्यांदाही सांगतो. मागं रांग लागली असली तरी त्याला त्याचं काही नसतं.

याला कारण रेल्वे. एक्केचाळीस वर्षं त्यानं आमच्या भागातल्या गव्हाच्या गाड्यांचे सिग्नल सांभाळले. तिथला नियम असा की आपण निरोप दिला म्हणजे तो पोचला असं नाही. समोरच्यानं शब्दन्‌शब्द परत बोलून दाखवला की पोचला. गाड्या कधीच्या बंद झाल्या, रुळांत गवत वाढलं, पण नियम काही आर्नोच्या अंगातून जात नाही. तरुणपणी त्यानं एका मुलीला पत्रातून लग्नाचं विचारलं होतं. उत्तर आलं नाही म्हणून तेच पत्र अकरा वेळा पाठवलं. तिनं एका पोलिसाशी लग्न केलं. ही गोष्ट आर्नो स्वतःच सगळ्यांना सांगतो आणि वर पोट धरून हसतो.

अख्ख्या पंचक्रोशीत त्याला कधीही पोच न देणारं माणूस एकच, त्याची थोरली बहीण एल्व्हा. ती त्याचं बोलणं अर्धवट ऐकते, "हं" सुद्धा म्हणत नाही आणि फोन ठेवून देते. बाई बहात्तर वर्षांची. गावापासून चाळीस किलोमीटरवर तिची नऊ हजार एकर जमीन, चौदाशे मेंढ्या आणि पाण्याचे चौदा हौद. सोळा वर्षांपूर्वी नवरा कॉलिन गेला तेव्हापासून सगळं एकटी बघते. दर दिवसाआड गाडी काढायची, एकशे दहा किलोमीटर धूळ खात चौदाही हौद बघून यायचे आणि वाटेत तेवीस फाटकं उतरून उघडायची, उतरून लावायची. हिला आमच्याकडे पाणफेरी म्हणतात.

एल्व्हानं सोळा वर्षांत पाणफेरी चुकवली ती एकदाच, कॉलिनच्या अंत्यविधीच्या वेळी. जानेवारी, म्हणजे आमच्याकडचा भर उन्हाळा होता. नऊ नंबरच्या हौदात पाणी सोडणारा बॉलकॉक नेमका तेव्हा अडकला. चौथ्या दिवशी ती तिथं पोचली तेव्हा कोरड्या हौदाभोवती बासष्ट मेंढ्या मरून पडल्या होत्या. त्यावर ती कधी बोलत नाही. आपणही काढू नये.

तर सप्टेंबरातल्या एका रविवारी जेवताना एल्व्हानं आर्नोला सांगितलं, "चार डिसेंबरला माझ्या खुब्याचं ऑपरेशन आहे, ॲडलेडला. आणि एक तारखेला ट्रक येतायत."

"कसले ट्रक?"

"मेंढ्या न्यायला. सगळ्या जातील."

"सगळ्या?" आर्नोच्या हातातला काटा तसाच राहिला.

"बहिरा झालास का? भर उन्हाळ्यात मी सहा आठवडे पलंगावर असणार. पुढंही डॉक्टर फाटकं उघडू देणार नाही. पाणी कोण बघेल, तू? एक फेरी केलीस की दोन दिवस आडवा पडतोस, मणक्यात स्क्रू घेऊन."

हे खरं होतं. बहिणीनं बटाट्याचं भांडं पुढं सरकवलं, पण तिनं स्वतः काही वाढून घेतलं नाही. ते त्याला दिसलं.

"हौदांनीच सांगितलं तर?" तो म्हणाला. "पाणी आहे, पाणी नाही. म्हणजे जिथं गडबड असेल तिथंच जायचं. महिन्यात एक-दोन फेऱ्या. तेवढ्या मी करीन."

"आणलं होतं मी असलं एक विकतचं. वर सौरपट्टी होती. पांढऱ्या पोपटांनी दोन दिवसांत चावून भुगा केला. वायरसुद्धा ठेवली नाही."

"मग पट्टी नको, वायर नको. सगळं नळीत बंद, बॅटरीवर. उन्हाळाभर चालेल."

"तीस नोव्हेंबरपर्यंत मला पटव. नाहीतर ट्रक," एल्व्हा म्हणाली आणि उठून ताटं उचलायला लागली. आर्नो म्हणाला, "तीस नोव्हेंबर. बरोबर?" तिनं नळ सोडला.

*

आमच्या गावात सुताराच्या जुन्या गोदामात एक शेड चालते. पाटीवर 'पुरुषांची शेड' असं लिहिलंय. निवृत्त बाप्यांनी जमावं, रंधे मारावेत, चहा प्यावा आणि घरच्यांना थोडी शांतता मिळावी असा तिचा हेतू. सहा वर्षांपूर्वी न्यूझीलंडहून आलेली नायरी ही विज्ञानाची निवृत्त शिक्षिका सोल्डरिंगची पेटी घेऊन आत शिरली आणि खिडकीजवळचं टेबल बळकावून बसली. पाटी तिलाही वाचता येत होती. पण तिला बाहेर काढायची छाती कुणाला झाली नाही, आणि आता तिच्यावाचून शेडचं पान हलत नाही.

आर्नोनं तिला सगळं सांगितलं. तिनं टेबलावर बोटं वाजवली. "वायफायचा सर्किट बोर्ड आहे माझ्याकडे, पण त्याचा आवाज लोकर कातरायच्या शेडपलीकडे जायचा नाही. तुझा सगळ्यांत लांबचा हौद किती दूर?"

"अकरा किलोमीटर."

"मग लांब पल्ल्याचा रेडिओ असलेला बोर्ड हवा. थोडं बोलणारा, हळू बोलणारा, पण लांबून ऐकू येणारा. आणि मुख्य म्हणजे गाढ झोपणारा. बोर्ड बोलताना किती खातो याला महत्त्व नाही, आर्नो. झोपेत किती खातो ते बघ. असे बोर्ड ढीगभर आहेत, आणि सगळ्यांच्या वेष्टनावर लिहिलेलं असतं की आमच्याइतकं कमी कुणीच खात नाही."

"तीन मागवूया," आर्नो म्हणाला. त्या आठवड्यात पोस्टातली बाई त्याला दिवसातून दोनदा बघत होती.

पार्सल आलं तेव्हा शेडमध्ये चहाची वेळ होती, पण चहा कुणी प्यायला नाही. पहिल्या बोर्डाला इवलासा पडदा, लाल दिवा, निळा दिवा, सगळा थाट. बेव्हन म्हणून एक माजी खाटीक आहे, त्यानं त्याचं नाव ठेवलं पोपट. दुसऱ्याबरोबर जाडजूड माहितीपुस्तिका, तो मास्तर. तिसरा पाहायला सगळेच पुढं वाकले. त्याला पडदा नव्हता, दिवा नव्हता, संगणकाची वायर लावायला जागासुद्धा नव्हती. नखाएवढ्या हिरव्या पाटीवर दोन काळे ठिपके आणि कडेला भोकं.

"याला कुणी भादरलं?" बेव्हननं विचारलं.

तेव्हापासून तो भादरलेला. आर्नोचा जीव मात्र पोपटावर बसला. दिवा लागला की आत सगळं ठीक, हे त्याला चाळीस वर्षं माहीत होतं. पण तीनही बोर्डांची परीक्षा घ्यायची ठरली. तीन हौदांवर तीन नळ्या, तीन सारख्या बॅटऱ्या, पाणी उतरलं की खाली पडणारा एकेक तरंगता गोळा. एल्व्हाच्या स्वयंपाकघरात पावाच्या डब्याशेजारी ऐकणारं यंत्र. बोर्डांना काय करायचं ते आर्नोनं स्वतः लिहिलं. तासातासाला उठायचं, 'पाणी आहे' असं सांगायचं आणि परत झोपायचं. एल्व्हानं रोज संध्याकाळी पडद्यावर काय दिसतं ते कॅलेंडरवर लिहायचं. तिनं कुरकुरत का होईना, लिहिलं.

पहिले दहा दिवस आर्नो हवेत होता. बेकरीत त्यानं दोन सॉसेज रोल मागितले आणि पोच न घेताच निघाला, म्हणजे काय ते समजा. अकराव्या दिवशी एल्व्हाचा फोन आला. "तुझ्या नळ्या मेल्या," एवढंच म्हणून तिनं ठेवून दिला.

त्यानं बॅटऱ्या बदलल्या. दुसऱ्या खेपेलाही पोपट दहा दिवसांत गेला, मास्तर अकरा, भादरलेला अकरा. उन्हाळाभर चालायच्या बॅटऱ्या दीड आठवडाही टिकत नव्हत्या. आर्नोनं भादरलेल्याला गंजक्या स्क्रूंच्या डब्यात फेकून दिलं आणि चौथा, पाचवा, सहावा बोर्ड शोधत बसला. नोव्हेंबर अर्धा सरला. गहू कापून झाला, वारा तापला. रोज सकाळी उठल्यावर त्याला आधी ट्रकच आठवत.

"थांब जरा," नायरीनं एके दिवशी त्याला टेबलाशी बसवलं. करंट मोजायचं यंत्र तिनं पुढं ठेवलं होतं, आणि डब्यातून काढलेला भादरलेला त्याला जोडला होता. "हे बघ. पोपट झोपेत जेवढं खातो ना, तेवढ्यात असे शंभर भादरलेले झोपतील. मी तीनदा मोजलंय."

"मग एल्व्हाकडं का मेला?"

"तेच तर. एक खादाड, एक बेताचा, एक उपाशी. आणि तिघं एकाच आठवड्यात मेले. म्हणजे दोष बोर्डांचा नाही. ते झोपतच नाहीयेत, आर्नो. कुणीतरी त्यांना झोपू देत नाहीये."

कोण, ते दोघांनी दुपारपर्यंत शोधलं, पण सापडलं नाही. तो मंगळवार होता. एल्व्हाकडं तो फक्त रविवारी जायचा. पण आता हरल्याचं तिला तोंडानं सांगायचं, तर उगाच रविवारपर्यंत कशाला ताटकळायचं, म्हणून तो तसाच गाडीत बसला.

घर उघडंच होतं. एल्व्हा पाणफेरीला गेली होती. आर्नो स्वयंपाकघरात आला, फ्रिजमधलं पाणी प्यायला, आणि पावाच्या डब्याकडं त्याची नजर गेली. ऐकणाऱ्या यंत्राचा पडदा काळा होता.

त्यानं भिंतीकडं पाहिलं. पॉइंटचं बटण बंद. किटलीचं बंद. टोस्टरचं बंद. इंटरनेटच्या डब्याचं बंद. बाहेरच्या खोलीत टीव्हीचं बंद, दिव्याचं बंद. अख्ख्या घरात चालू होता तो फक्त फ्रिज.

आता हे आमच्याकडं कुणाला सांगायला लागत नाही. घरातून निघताना भिंतीवरची बटणं बंद करायची. वीज पडते, आगी लागतात, आमच्या आयांनी आमचे कान पिळून शिकवलंय. एल्व्हा पहाटे निघताना बंद करायची, संध्याकाळी येऊन चालू करायची आणि झोपताना परत बंद. आर्नो स्वतःच्या घरी हेच करतो. दोघांनाही त्यात बोलण्यासारखं काही वाटलं नाही, म्हणून दोघं कधी बोलले नाहीत.

पण बोर्ड का मेले? आर्नो खुर्चीत बसला आणि त्याला स्वतःचं लिखाण आठवलं. तासातासाला उठायचं, 'पाणी आहे' म्हणायचं, आणि घरातलं यंत्र पोच देत नाही तोवर परत म्हणायचं. परत म्हणायचं. परत म्हणायचं. दिवसभर, रात्रभर तिन्ही बोर्ड रिकाम्या स्वयंपाकघराकडं तोंड करून ओरडत होते. त्या पोलिसाच्या बायकोला गेलेली अकरा पत्रं त्याला आठवली, आणि एकट्या घरात तो डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला.

*

"पोचच काढून टाक," नायरी म्हणाली.

"काढून टाक? आणि निरोप पोचला हे त्या बोर्डाला कळणार कसं?"

"कशाला कळायला हवं? एकदा सांगावं आणि झोपावं. सलग तीन तास काही ऐकू आलं नाही, तर काहीतरी बिघडलं समजून आपण जावं. बॅटरी संपो, पोपट खावो, मेंढी लाथ मारो."

आर्नो चिडला. शेडमध्ये फेऱ्या मारायला लागला. एक्केचाळीस वर्षांत त्यानं पोचेशिवाय एक डबाही हलू दिला नव्हता. बेव्हन म्हणाला, "त्याला जरा एकटं सोडा, त्याचं देऊळ पाडताय तुम्ही." आणि तेवढ्यात आर्नो जागीच उभा राहिला.

"तार तुटली की हात पडतो," तो म्हणाला.

"काय?"

"सिग्नलचा! तार तुटली, खांब वाकला, काहीही झालं, तर सिग्नलचा हात आपोआप धोक्यावर येतो. ड्रायव्हरला कुणी सांगावं लागत नाही. अरे, हेच तर मी जन्मभर केलं!" त्यानं नायरीचे दोन्ही हात धरून तिला गरागरा फिरवलं. तिचा चष्मा उडाला. मणक्यातले स्क्रू त्याला तेव्हा आठवलेसुद्धा नाहीत.

मग कामाचा धडाका सुरू झाला. म्हणजे शेडमध्ये आठ दिवस जे चाललं ते पाहायला हवं होतं. बोर्ड कुठला यावर आता वाद नव्हता. पोपटाची बॅटरी फेब्रुवारीत संपली असती, मास्तराच्या नळ्या दर वर्षी उघडाव्या लागल्या असत्या. भादरलेला तीन वर्षं झोपत-उठत राहणार होता. नायरीनं पोर्ट लिंकन शहरातल्या ओळखीच्यांकडून, शाळांकडून, कुणाकुणाच्या कपाटांतून तेरा भादरलेले जमवले. बेव्हननं पाण्याचे पाइप कापले, सॉसेज बांधावेत तशा नळ्या ओळीनं टांगल्या. एरिअलसुद्धा नळीच्या आत, पोपटांना दिसायलाच नको. घरातलं ऐकणारं यंत्र आणि इंटरनेटचा डबा आर्नोनं फ्रिजच्या पॉइंटला जोडला, कारण एल्व्हा त्या बटणाला हात लावत नाही हे त्यानं डोळ्यांनी पाहिलं होतं. आता चौदाही हौदांचा निरोप थेट त्याच्या फोनवर यायला लागला. एक, पाणी आहे. दोन, पाणी आहे. तो चहा पिताना वाचायचा, रांगेत वाचायचा, चर्चमध्ये वाचताना पकडला गेला.

एल्व्हाला ट्रकचं विचारलं तर म्हणाली, "तीस तारखेला सांगीन."

*

एकोणतीस नोव्हेंबर, शनिवार. सकाळी दहालाच पारा एक्केचाळीसवर. अकरा वाजता आर्नोच्या फोनवर तेरा निरोप आले. नऊ नंबर आला नाही.

बाराला नाही. एकला नाही.

नऊच का? एल्व्हाला फोन करावा असं क्षणभर वाटलं, पण नऊ नंबर तिला कुठल्या तोंडानं सांगणार? त्यानं गाडीत पाण्याची दोन पिंपं टाकली, जादा बॉलकॉक, पाना आणि एक तयार नळी घेतली आणि निघाला. डांबरी सडकेवर त्यानं जन्मात चालवली नव्हती इतक्या जोरात गाडी चालवली. मग फाटकं. सात फाटकं उतरून उघडली, उतरून लावली. प्रत्येक फाटकाशी पाठीतून कळ येत होती, आणि प्रत्येक फाटकाशी त्याला त्या बासष्ट मेंढ्या दिसत होत्या.

नऊ नंबरचा हौद काठोकाठ भरलेला होता. चाळीसेक मेंढ्या शांतपणे पाणी पीत होत्या. नळी मात्र जागेवर नव्हती. बांधलेली पट्टी सुरीनं नीट कापली होती.

आर्नो घरी पोचला तेव्हा धुळीनं पांढरा झाला होता. स्वयंपाकघराच्या टेबलावर नळी होती, शेजारी बॅटरी, आणि पलीकडे एल्व्हा चहा घेऊन बसली होती.

"सव्वादहाला काढली मी," ती घड्याळाकडं बघत म्हणाली. "आता सव्वातीन. हौदावर कधी पोचलास?"

"अडीच." त्याचा श्वास लागला होता. "तुला... एल्व्ह, तुला लाज नाही वाटत? मला वाटलं..."

"काय वाटलं ते मला माहीत आहे. बस."

तो बसला. तिनं त्याच्यासमोर कप ठेवला, साखर घातली, आणि पहिल्यांदाच त्याच्याकडं सरळ पाहिलं.

"तुझं यंत्र बोलेल, हे मला पटलं होतं. बॅटरी टिकेल, तेही त्या न्यूझीलंडवालीनं समजावलं. पण बोलल्यावर जाणार कोण, हे मला कुठलं यंत्र सांगणार होतं?" तिनं बॅटरी उचलून हातात फिरवली. "तेव्हा नऊ नंबर चार दिवस कोरडा होता, आर्नी. चार दिवस. आणि कुणाला माहीतच नव्हतं."

सोळा वर्षांत ती हे पहिल्यांदा बोलत होती. आर्नोनं तिच्या मनगटावर हात ठेवला. "कुठलाही नंबर गप्प झाला तर मी जाईन," तो म्हणाला. "पाठ गेली खड्ड्यात. मी जाईन."

एल्व्हानं हात सोडवून घेतला, उठली, लंगडत भिंतीवरच्या फोनपाशी गेली आणि नंबर फिरवला.

"मी एल्व्हा बोलतेय. सोमवारचे ट्रक नकोत. नाही, एकही नको. मेंढ्या इथंच राहतील, माझा भाऊ बघतोय." पलीकडचा माणूस 'बरं' म्हणाला असावा, कारण ती फोन ठेवायला लागली. मग तिनं आर्नोकडं पाहिलं आणि फोन परत कानाला लावला.

"नुसतं बरं नको," ती म्हणाली. "काय ऐकलंस ते परत बोलून दाखव."